हातपाटीची रेती

भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ती, अष्टमी उजाडली आणि बाळकुमच्या तांडेलांच्या घरात कुणाचाच पाय एका जागी ठरेना. गुणाजी तांडेल सकाळपासून ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. त्यानं धुवट सदरा घातला, फार नवा दिसतो म्हणून काढला, जुना घातला, त्यावर डाग दिसला म्हणून पुन्हा नवा घातला. सत्तरीला आलेला माणूस, रेती सोसायटीचा चेअरमन, अख्खं बंदर त्याला नाखवा म्हणून हाक मारायचं, आणि आज त्याची गत पाहुणे बघायला येणार असलेल्या पोरीसारखी झाली होती.

दुपारच्या ओहोटीला डोंबिवलीहून साठे इंजिनियर यायचे होते. त्यांचा ट्रस्ट मुलींची शाळा बांधत होता. साठ्यांनी पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं, की शाळेची सगळी रेती सोसायटीच्या होड्यांकडून जाणार होती. रेती खाडीतून सगळेच काढत, पण सोसायटीची रेती हातपाटीची. होडीतून बांबू तळाला टेकवायचा, त्याला धरून माणसानं बुडी मारायची, हातानं बादली भरायची आणि दोरी हलवली की वरच्यांनी ओढून घ्यायची. आजा-पणज्यापासून असंच चाललेलं. सक्शन पंप येऊन दोन वर्षं होत आली होती आणि तो एका सकाळी जेवढी रेती ओढायचा तेवढी काढायला हातपाटीवाल्यांना महिना लागला असता. चौऱ्याण्णव सालात हातानं रेती काढणारा माणूस म्हणजे खुळाच, असं ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणीही सांगितलं असतं.

पण गुणाजीची लेक सरस्वती ऐकणाऱ्यांतली नव्हती. डोंबिवलीत दिलेली, तिथल्याच शाळेत मास्तरीण, आणि माहेरच्या सोसायटीची सेक्रेटरी. खारी रेती वापरलेल्या इमारतींचे स्लॅब डोंबिवलीत पापड सुटावेत तसे सुटायला लागले, तेव्हा तिला सुचलं की रेती कुठून आली, कुणी काढली, कशी काढली, हे कागदावर लिहून दिलं तर लोक घेतील. तिनं नेम घालून दिले. पंप लावायचा नाही. पुलाजवळ आणि तिवरांच्या काठाला हात लावायचा नाही. कोवळं पोर पाण्यात उतरवायचं नाही, बुडी मारणाऱ्याचे कान डॉक्टरला दाखवायचे, आणि माल गोड्या पाण्यात धुवूनच ट्रकवर चढवायचा. आधी बंदरावर सगळे हसले. बिल्डरांच्या ऑफिसात तर तिला बसायलाही सांगत नसत. बाई, रेतीला काय जात असते का, असं एकानं विचारलं होतं. असते, ती म्हणाली होती, आणि जिना उतरून दुसऱ्या ऑफिसचा जिना चढली होती. दोन वर्षं अशी वणवण केल्यावर तिला साठे भेटले होते.

एवढं सगळं जुळत आलं आणि मध्येच बाबुरावचं झालं. बाबुराव जाधव कळव्याच्या चाळीतला, गुणाजीच्या होडीवर त्याच्या धाकट्या मुलाबरोबर, कान्हाबरोबर, बुडी मारणारा. पंधरवड्यापूर्वी वाकणापाशी, म्हणजे खाडी वळते तिथं, तो तळाला असताना बाजूची कड त्याच्या अंगावर ढासळली. कान्हानं दुसरी बुडी मारून त्याला ओढून काढला. हात मोडला, जीव वाचला. सरस्वतीनं सोसायटीच्या अहवालात लिहिलं, ‘तळाची कड ढासळून कामगार जखमी’, आणि साठ्यांना पाठवून दिलं. लपवायचं नाही हा तिचाच नेम. कड का ढासळली, हे मात्र तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

ते तिला आज सकाळी, माहेरच्या चुलीपाशी कळलं.

सांगितलं शेवंतीनं. शेवंती म्हणजे थोरल्या भावाची, गोमाजीची, बायको. गोमाजी होडीचा तांडेल. सुकाणावर तो, आणि होडीवर शब्द त्याचा. शेवंती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि रोज बोटांनी सहज फिरणारी भाकरी आज तिच्या हातात दोनदा फाटली. नणंद पाटावर टेकली न टेकली तोच तिनं तव्याकडे बघत बोलायला सुरुवात केली. दर मंगळवारी देवीचा वार म्हणून सोसायटीच्या होड्या बंद असतात, आणि दर मंगळवारी नवऱ्याच्या कपड्यांना डिझेलचा वास येतो. आपली होडी वल्ह्यांची. डिझेल आलं कुठून? तिनं विचारलं, आणि त्यानं सांगून टाकलं. कळव्याच्या एका कंत्राटदाराबरोबर त्याची पंपात भागी होती. मंगळवारी, सगळे घरी असताना, त्याचा पंप वाकणाच्या आड लागायचा.

“वाकनालाच?” सरस्वतीनं विचारलं.

“वाकनाला, आनि अजून कुठं कुठं. मना सगलं नाय सांगत.” शेवंतीनं भाकरी उलटली. “आनि सोसायटीची रास कमी पडली का पंपाची रेती त्यान टाकतात. कागद तुजा, रेती त्यांची.”

 सरस्वतीला आधी बाबुराव आठवायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला आधी साठे आठवले, मग दोन वर्षं चढलेले जिने आठवले, आणि बाबुराव त्यानंतर आठवला. याची लाज तिला त्याच क्षणी वाटली, पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं थोडंच आहे!

“वयनी,” ती म्हणाली, “आजचा दिवस कुणाला बोलू नको. सह्या होऊ देत. उद्या मी स्वतः दादूसला समोर बसवते, पंप बंद करायला लावते. आज हे फुटलं तर सगळ्या बंदराच्या तोंडचा घास जाईल.”

शेवंतीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ही पोर लग्न होऊन गेली तेव्हा सगळ्या घराला खरं बोलायला शिकवून गेली होती. भाताचं माप असो का मासळीचं, हिनं कधी कुणाला सवलत दिली नाही. म्हणून तर शेवंतीनं नवऱ्याचं मन मोडून हिच्यापाशी तोंड उघडलं होतं.

“मना वाटलं तू तरी आज बोलशील,” ती म्हणाली. मग तिनं पदरानं हात पुसले, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

बाहेर ओट्यावर वेगळीच जुंपली होती. कान्हानं बापाला सरळ सांगितलं होतं, की साठे साहेबांसमोर बुडी मारीन, पण वाकणाला मारणार नाही. गुणाजीला ते झोंबलं. एका माणसाला लागलं म्हणून खाडीला भ्यायचं, हे तांडेलांच्या घराला शोभत नाही, असं तो म्हणाला. कान्हा भ्यालेला नव्हता. त्याच्या हाताला तिथं काहीतरी लागलं होतं. हातपाटीच्या माणसानं उकरलेला तळ परातीसारखा उतरता असतो, उथळ. बाबुरावला ओढताना कान्हाचा हात कडेखाली गेला होता आणि तिथं कडेला पोट नव्हतं. खालून कुणीतरी खाल्लेलं होतं.

“त्या पंपवाल्यांचं काम हाय ते,” तो म्हणाला. “आपल्या हद्दीन येतात. आनि आपल्यातलाच कोन तरी त्यांना वार सांगतो.”

गोमाजी खांबाला टेकून दाढीचा खुंट खाजवत होता. तो शांतपणे म्हणाला, खाडी काय आपल्या बापाची आहे का, कोण कुठं येतो ते आपण बघत बसायचं? साठ्यांना वरच्या अंगाला नेऊ, तिथं तळ चांगला आहे, पाणी निवळ आहे, बघतील आणि जातील. त्याचं बोलणं इतकं सरळ होतं की गुणाजीला हायसं वाटलं. थोरला असा हवा, असं त्याच्या मनात आलं, आणि धाकट्याला त्यानं डोळ्यांनीच गप्प केलं. सरस्वती दारात येऊन उभी राहिली होती. कान्हानं तिच्याकडे पाहिलं. बहीण नेहमी त्याच्या बाजूनं असायची.

“दादूस म्हणतो ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “वरच्या अंगालाच जाऊ.”

कान्हा उठून बंदराकडे चालता झाला. जेवायलाही थांबला नाही.

गोमाजीबद्दल वाचणाऱ्याचं मन आता कडू झालं असेल, तर त्याचीही बाजू ऐकून घ्यावी. तो काही पैशाला हपापलेला माणूस नव्हता. त्याचा डावा कान बुड्या मारूनच गेला होता. बारा वर्षं तो बुडी मारत होता, मग कानातून रक्त यायला लागलं तेव्हा बापानं त्याला सुकाणावर बसवला आणि त्याच्या जागी कान्हा उतरायला लागला. तेव्हापासून कान्हा पाण्याखाली गेला की गोमाजीचाही श्वास अडकायचा. बहिणीचे कागद त्याला पोरखेळ वाटत. हातपाटीला कुणी शाबासकी दिली म्हणून छातीवरचा पाण्याचा भार कमी होतो का? यंत्र आलंय, ते सगळ्यांना खाणार. त्या आधी आपण यंत्रावर बसावं, चार पैसे गाठीला आले की कान्हाला पाण्यातून काढावं, एखादा टेम्पो घेऊन द्यावा. असा त्याचा हिशोब. भावाला तळातून वर काढायला त्यानं पंप घेतला, आणि त्याच पंपानं भावाच्या पायाखालचा तळ काढला. बाबुरावला लागलं त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. दर मंगळवारी तो ठरवायचा की आज शेवटचा, आणि कंत्राटदाराचा माणूस बोलवायला आला की जायचा.

साठे आले ते वेळेवर. त्र्यंबक साठे, पन्नाशीचे, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी. खोपटला बस बदलताना फार ताटकळावं लागलं, एवढीच त्यांनी कुरकुर केली. होडीत बसताना गुणाजीनं हात पुढं केला तो त्यांनी मोकळेपणानं धरला. सरस्वतीनं कराराचे कागद छातीशी धरले होते. वल्ह्यांवर दोघं गडी, पुढं कान्हा, मागं सुकाणावर गोमाजी. पाणी पडलेलं होतं, भांगाचं, ओढ नसलेलं. दूरवर सोसायटीच्या दुसऱ्या होड्या बांबू रोवून कामाला लागलेल्या दिसत होत्या.

गोमाजीनं होडी वरच्या अंगाला वळवली, तेव्हा साठे म्हणाले, “तुमच्या त्या माणसाला लागलं ती जागा कुठली?”

गुणाजीनं हात करून दाखवली.

“मग तिथंच जाऊ या. सरस्वतीबाईंनी अहवालात लपवलं नाही, हेच मला आवडलं. दुसरा कुणी असता तर एक ओळ लिहिली नसती. जिथं लागलं ती जागा नीट असली, तर बाकीचं मी डोळे झाकून मानीन.”

गोमाजी म्हणाला, तिथं ओढ असते. साठ्यांनी सपाट पाण्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, आज तरी दिसत नाही. सरस्वतीनं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. आता बोलली असती तरी वेळ गेली नव्हती. तिनं नुसते कागद सरळ केले.

वाकणाला होडी थांबली. गोमाजीनं स्वतः उठून बांबू सोडला. तळ चाचपायचं काम तांडेलचं असतं, ते तो दुसऱ्यावर सोपवू शकत नाही. बांबू टेकला. दिसायला सगळं ठीक होतं. पण टेकला तो तळाला नव्हे, कडेच्या माथ्यावर टेकला होता, आणि ती कड खालून कशी आहे हे त्या होडीत एकाच माणसाला माहीत होतं. पंपाचा पाइप तिच्या पोटात घातला होता तो त्यानंच.

गुणाजी होडीच्या नाळेकडे गेला. पुढच्या त्या वर आलेल्या टोकावर हात ठेवून बोललेला शब्द खाडीत मोडत नाहीत. लग्नाची बोलणी असोत की हद्दीचा तंटा, नाळेवर हात पडला की वाद संपला. गुणाजीनं हात ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, की या जागेला सोसायटीच्या माणसांच्या हाताशिवाय काही लागलेलं नाही, आणि सोसायटीच्या कागदावर गेलेली रेती हातपाटीचीच आहे. बोलताना त्याचा आवाज थोडा कापला. खरं बोलतोय या अभिमानानं कापला, म्हणून तर सरस्वतीला ते ऐकवेना. तिनं पाण्याकडे तोंड फिरवलं.

कान्हानं बनियन काढली. कमरेला दोरी बांधली, बादली घेतली, आणि होडीच्या काठावर पाय बाहेर सोडून बसला. बुडी मारणारा आपल्या मनानं उतरत नाही. तांडेल ‘जा’ म्हणतो, मग उतरतो. हा नेम कुणी कागदावर लिहिलेला नव्हता. पाण्याखाली माणूस आंधळा असतो, म्हणून वरच्याच्या शब्दावर जायचं, एवढंच.

त्यानं मागं वळून पाहिलं. “दादूस, जाऊ?”

गोमाजीनं बांबू दोन्ही हातांनी धरला होता.  कान्हाला वाटलं, डाव्या कानाला ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं. त्याच्या आवाजात संशय नव्हता, राग नव्हता. सकाळचं भांडण तो घरी ठेवून आला होता. होडीत आल्यावर तांडेल तो तांडेल.

“जा म्हन की रे,” गुणाजी नाळेवरून म्हणाला. “साहेब खोलंबलेत.”

गोमाजीच्या ओठांवर तो शब्द आला. एकच अक्षर. ते बाहेर पडलं की सह्या होणार होत्या, बापाची मान वर राहणार होती, पंधरा-वीस घरांना वर्षभर काम मिळणार होतं. आणि कड टिकलीही असती कदाचित. बाबुरावच्या आधी किती जण उतरले होते तिथं, त्यांना काही झालं नव्हतं.

“नको उतरू,” तो म्हणाला.

“कनाला?”

“ती कड पोकल हाय.”

साठे पुढं झुकले. “बांबू तर टेकलाय. तुम्हाला कसं कळलं?”

“मी पोकल केलीय,” गोमाजी म्हणाला. त्यानं साठ्यांकडे पाहिलंच नाही, धाकट्याकडे बघूनच बोलला. “मंगलवारी माजा पंप लागतो इथं. बाबुरावच्या अंगावर पडली ती पन मीच पोखरलेली. आनि सोसायटीच्या राशीन माजी रेती गेलीय.”

 गुणाजीचा हात अजून नाळेवरच होता. त्यानं तो उचलला आणि तळव्याकडे पाहिलं, जणू काही लागलंय का बघतोय. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नाळेवरचा शब्द खोटा ठरला होता, आणि तो खोटा बोललाही नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा बघून सरस्वतीला रडू फुटलं.

“मना सकाळीच ठाऊक होतं, बा,” ती म्हणाली. “मी वयनीला गप्प बसवलं.”

गुणाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. दोघांपैकी कुणावर आधी चिडावं हे त्याला कळेना. शेवटी तो साठ्यांकडे वळून म्हणाला, “साहेब, तुमच्या कागदावर लिवा. गुणाजी तांडेलच्या घरचा पंप. दुसऱ्या कुनाचा नाय.” साठ्यांनी पेन उघडलंच नाही. ते टोपी काढून मांडीवर घेऊन बसले.

“सुकान सोड,” गुणाजी गोमाजीला म्हणाला. “कान्हा, तू घे. होडी बंदराला घे.”

गोमाजी लगेच बाजूला झाला. कान्हानं कमरेची दोरी सोडली, बनियन अंगात घातली, पण तो सुकाणाकडे गेला नाही. डोळे भरले होते आणि रागानं त्याची मान लाल झाली होती.

“तोच नेल,” तो म्हणाला. “खड्डे कुठं कुठं केलेत ते त्यालाच ठाऊक हाय. मी कुठं नेऊ?”

 गोमाजी पुन्हा सुकाणावर बसला. वल्ही पडली, होडी वळली. थोडं पुढं गेल्यावर त्यानं न सांगता हात केला. “इथं,” तो म्हणाला. सरस्वतीनं कराराचा कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला जागा लिहून घेतली. मग तिवरांच्या टोकापाशी त्यानं हात केला, मग जुन्या धक्क्याच्या समोर. दर वेळी गुणाजीला वाटे हाच शेवटचा, आणि दर वेळी हात पुन्हा वर जाई.

समोर सोसायटीची एक होडी बांबू रोवून उभी होती. वर दोन बाया आणि एक म्हातारा दोरी धरून बसले होते. नाखवाची होडी बघून त्यांनी हात हलवले.

“इथं पन,” गोमाजी म्हणाला.

दोरी सरळ पाण्यात गेलेली होती. खाली माणूस होता. गुणाजी हाक मारायला उभा राहिला. पण मारली असती तरी खाली कुणाला ऐकू जाणार होती? वल्ही थांबली. कान्हा काठावर बसला होता, तो पाण्यात उडी टाकायच्या बेतात पुढं वाकला. त्या होडीतल्या बाया हसत आपसात काही बोलत होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

दोरी हलली. बायांनी ओढायला घेतली. बादली आली, आणि बांबूच्या बाजूला एक डोकं वर आलं. माणसानं तोंडावरचं पाणी निपटलं, दम घेतला, आणि चेअरमनला सदऱ्यात उभा बघून तो खुशीत आला.

“काय नाखवा, झाली का सही?”

“तू आदी वर ये,” गुणाजी म्हणाला.